बाराशे वॅटची जड पेटी

बत्तीस वर्षांची पोलिसातली नोकरी संपवून घरी बसलो, तेव्हा शेजारीपाजारी खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारू लागले. सांगतो अधूनमधून. पण स्वतःहून आठवतं ते एक भलतंच प्रकरण. ते आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग जरा ओशाळल्यासारखं होतं. त्यात रक्त नव्हतं, पाठलाग नव्हता. होती ती कॉम्प्युटरला वीज पुरवणारी एक लोखंडी पेटी, आणि मी जवळजवळ आत घातलेला एक निरपराध माणूस. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली बहुतेक मंडळी आजही मला बाजारात भेटतात आणि चहा पाजतात. तो चहा मला चालू ठेवायचा आहे.

मी तेव्हा मुळशीत एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग ठाणे अंमलदाराची डायरी, मग बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ. एकच जमीन दोघांना विकणारा एखादा महाभाग आठवड्याला असायचाच. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची कोंडी. असल्या कामात एका सोमवारी मुठा खोऱ्यात बंगला बांधून राहिलेले एक गृहस्थ खोकं घेऊन आले. ते घरून काम करायचे. मोठमोठ्या इमारतींची चलचित्रं कॉम्प्युटरवर तयार करायचे. त्यासाठी त्यांचा कॉम्प्युटर दणकट होता आणि त्याला वीजही दणकट लागायची.

"सर, धिस इज क्लिअर चीटिंग," खोकं टेबलावर ठेवत ते म्हणाले. "बाराशे वॅटचा पॉवर सप्लाय घेतला. तिसऱ्या दिवशी कामाचा लोड दिला आणि धूर. पुण्यातल्या एकाला दाखवला. त्यानं पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं. आत चक्क सिमेंट आहे!"

"सिमेंट?" मी विचारलं.

"हो. ज्यानं ही विकली, त्या दुरुस्तीवाल्यानं आतला ओरिजिनल माल काढून घेतला आणि कचरा भरला. पेटी एक आख्खा दिवस त्याच्या दुकानात होती."

हा दुरुस्तीवाला भरे गावचा. चाळिशीचा माणूस, पिरंगुटच्या रस्त्याला त्याचं दुकान. आधी टीव्ही दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटरकडे वळला. आमच्या ठाण्याचा प्रिंटरही त्यानंच दोनदा जिवंत केला होता, त्यामुळे तोंडओळख होती. पण तोंडओळखीवर तपास होत नाही. प्राथमिक चौकशीसाठी त्याला बोलावून घेतलं.

चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला आधी तासभर बाकावर बसवायचं. मग चहा द्यायचा. मग एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या वेळी विचारायचा. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर वेळी जास्त गुळगुळीत होत जातं. या माणसाचं उत्तर दर वेळी जास्त लांबत गेलं.

"सायेब, मी पेटी उगडलीच न्हाई. उगडली की वॉरंटी जाती. डीलरचा माणूस टेम्पोतनं माल आनतो, त्याच्याकडनं घेतली. बिल हाय माज्याकडं."

बिल होतं. बिलावरचा नंबर बंद होता.

"मग न बघताच गिऱ्हाइकाला दिलीस?"

त्यानं मान खाली घातली. "बगितली की. आमच्या धंद्यात पेटी हातावर घ्यून बगत्यात. हलकी लागली की वापस. ह्या पेटीला चांगलं दोन किलोच्या आसपास वजन हुतं. म्हणलं, माल खरा हाय. वजनावर गेलो मी, सायेब. चुकलं माजं. पन चोरी न्हाई केली."

"वजनानं काय कळतं?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. गडी उठला, शिपायाबरोबर जाऊन दुकानातून एक जुनी, खरी, झाकण काढलेली पेटी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर त्यानं शाळाच भरवली.

"हे बगा. वीज हितनं आत येती. आदी ही कॉइल तिला गाळून घेती. मग ह्यो मोटा कपॅसिटर. ही टाकी समजा. वीज पापणी लवायच्या आत गेली-आली, तर ही साटलेली वीज काम सांबाळती. ह्यो ट्रान्सफॉर्मर. तांबं आन लोखंड, म्हणून जड. हे ॲल्युमिनियमचं पट्टं गरमी भाइर टाकाया. खरा बाराशेचा माल असला की हे समदं मोटं लागतंय, आन मोटं म्हंजे जड. आता सोल्डर बगा. कसा चमकतोय, कडंला कसा उतरत गेलाय. गोळा झाला असंल तर समजायचं, आत नीट धरलं न्हाई."

वायरलेसवरचा शिपाई जागा सोडून येऊन उभा राहिला. तक्रार द्यायला आलेले दोन भाऊ भांडण विसरून टेबलाशी वाकले. मलाही मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण आत बसलेला पोलीस म्हणत होता, ज्याला इतकं बारीक कळतं, त्यालाच कुठला भाग काढून विकायचा हेही कळतं. बिचारा जितकं समजावून सांगत होता, तितका माझ्या नजरेत जास्त अडकत होता.

दुपारी पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचा चहावाला आणि एक निवृत्त मास्तर. एक शिपाई मोबाईलवर चित्रीकरण करत होता आणि लिहायला आमचे हवालदार. या हवालदारांचा पंचनामा म्हणजे ठाण्यात चेष्टेचा विषय. एकदा चोरीला गेलेल्या शेळीच्या पंचनाम्यात त्यांनी गोठ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यांचीही नोंद केली होती. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला तर ते म्हणाले, "सर, थांबा. स्क्रूवर काहीतरी आहे."

"गंज असेल. खोला."

"सर, गुलाबी गंज?"

"लिहा काय लिहायचं ते आणि पुढे चला!" मी वैतागलो.

त्यांनी शांतपणे लिहून घेतलं आणि मगच पेटी उघडू दिली. आत खरंच सिमेंटची वीट होती, काळ्या चिकटपट्टीत अर्धवट गुंडाळलेली, तळाला घट्ट बसवलेली. तिच्याशेजारी तळहाताएवढी एक स्वस्तातली सर्किटची पट्टी. ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा. कपॅसिटर तेवढा भरदार दिसत होता, म्हणून दुरुस्तीवाल्याला त्याचं वरचं वेष्टन कापायला सांगितलं, तर आतून करंगळीएवढा छोटा कपॅसिटर निघाला. बापाचा कोट घातलेलं पोर दिसावं तसा. दोन्ही पंच हसले. मीही हसलो.

दुरुस्तीवाला मात्र हसला नाही. तो वाकून वायरींकडे बघत होता. वायरी पांढऱ्या मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या. सारख्या अंतरावर सारख्या गाठी. सोल्डरचे ठिपके तर त्याच्या खऱ्या पेटीपेक्षाही उजळ होते.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "माल खोटा हाय, पन हात खरा हाय. असा हात आपल्या भागात कुनाचा हाय?"

"नाटक पुरे," मी म्हणालो.

हे दोन शब्द मला पुढे फार टोचले. त्या वेळी मात्र मला ते अगदी अधिकाऱ्याला शोभतील असे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी शहरातून कुणातरी बड्या माणसाचा फोन आला. फिर्यादीच्या ओळखीतला होता. "कारवाई का होत नाही?" मी दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावलं आणि कागद तयार करायला सांगितले. फसवणूक आणि विश्वासघात. दुपारी मी सही केली की अटक. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या फाटकाजवळ जांभळीखाली बसून होती. ती रडत नव्हती, कुणाशी बोलतही नव्हती, नुसती ठाण्याच्या दाराकडे बघत होती. रडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. अशा बघण्याचं काय करायचं ते मला कधीच कळलं नाही.

"सायेब, एक सांगू का?" दुरुस्तीवाला म्हणाला. "लोक माज्याकडं कॉम्प्युटर देत्यात तवा त्यात आख्खं घर असतंय. लगनाचं फोटू, सातबारा, पोरांच्या मार्कलिस्टी. मी कुनाची फाइल कदी उगडून बगितली न्हाई. एकदा ठान्यात बसला म्हणलं की कोन इस्वास ठेवंल? दुकान काय, दुसरीकडं टाकता येतंय. नाव कुटनं आनू?"

मी पेन उघडलं. सही करण्याआधी पंचनामा वाचायला घेतला. सवयीनं, दुसरं काही नाही. पहिल्याच पानावर होतं: 'चारही स्क्रूंवर गुलाबी रंगाचा प्रत्येकी एक ठिपका, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर व अर्धा पत्र्यावर. ठिपके अखंड असून कोठेही तडा नाही.'

आमची एक महिला शिपाई नक्कल काढायला शेजारी उभी होती. तिनं मोबाईलवरचं चित्रीकरण मोठं करून पाहिलं. "सर, हे नेलपॉलिश आहे."

"असेल. मग?"

"माझी बहीण पिरंगुटला कारखान्यात लाइनवर आहे. तिथं स्क्रू आवळला की त्यावर रंगाची अशीच खूण करतात. म्हणजे काम पूर्ण झालं. नंतर कुणी स्क्रू जरा जरी फिरवला, तरी खूण मोडते."

मी चित्रीकरण तीनदा पाहिलं. ठिपके अखंड होते. ज्यानं पेटी बंद केली, त्याच्यानंतर ती पहिल्यांदा उघडली होती ती आम्हीच. म्हणजे सिमेंट पेटी बांधतानाच आत गेलं होतं. अर्थात, दुरुस्तीवाल्यानंच माल काढून वर ठिपके दिले नसतील कशावरून? पोलिसाचं डोकं असंच चालतं. पण मी पेन खाली ठेवलं. आता नेलपॉलिश लावणारा हात शोधायचा होता.

पिरंगुटला त्या दिवशी बाजार होता. महिला शिपाई साध्या कपड्यात गेली आणि बांगड्या-कटलरीच्या पथाऱ्यांवर ठिपक्यांचा फोटो दाखवत फिरली. तिसऱ्या पथारीवरच्या मावशींनी फोटो बघून नाक मुरडलं.

"ह्यो रंग? ह्यो आता कोन घेतंय, बाय! एकच बाई घेती, भऱ्याची. चार-चार बाटल्या नेती एका बाजाराला. आन गंमत सांगू का? तिच्या नखाला म्या कदी रंग बगितला न्हाई."

खबऱ्यांना खाऊपिऊ घालूनही मला नोकरीत इतकी नेमकी टीप कधी मिळाली नव्हती.

निरोप धाडला, तशा तीनच्या सुमारास त्या बाई ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, कपाळाला आठी, पदर खोचलेला. सरळ कामावरून उठून आल्या होत्या. मी पेटी पुढे केली. "ही ओळखता?"

त्यांनी पेटी हातात घेऊन फिरवली. सिमेंटकडे बघितलंही नाही. आधी दोऱ्याच्या गाठी चाचपल्या. "माज्या हातची हाय की. पन उगडली कुनी? खुना मोडल्यात."

"आम्ही उघडली."

"मग परत नीट तरी लावायची. स्क्रू समदं ढिलं ठेवल्यात तुमी."

हवालदारांनी खोकला आल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

बाईंनी सगळं आपणहून सांगितलं. बारा वर्षं एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर होत्या. कंत्राट संपलं आणि घरी बसल्या. मग एका शेतकऱ्याची शेड भाड्यानं घेऊन एक शहरातला माणूस आला. त्यानं चार बायका कामाला लावल्या. त्यानं सांगितलं होतं, हे शोरूमच्या काचेत मांडायचे नमुने आहेत. वीज लावायचीच नाही.

"आणि सिमेंट?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक उचलून बगतंय ना. हाताला वजन लागाया पायजे, म्हणलं मालक."

"नेलपॉलिश?"

"कारखान्यातली सवय. खूण केल्याबिगर मला पेटी हातावेगळी करवतच न्हाई. हितं रंग कोन देतंय? मंग बाजारातनं आनते, माज्या पदरचं."

"नुसता नमुनाच होता, तर आतल्या वायरी इतक्या निगुतीनं कशाला बांधल्यात?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या शाळेतल्या बाईंची आठवण झाली. "आत कोन बगनार न्हाई म्हणून वाईट बांदायचं व्हय?"

मग मला सांगावंच लागलं. हे नमुने नाहीत, खरा माल म्हणून विकले जातात, ही पेटी एका घरात लावली होती आणि तिनं धूर सोडला. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कुनाच्या घरात? पोरं हुती का तितं? कुनाला लागलं का?"

"नाही, कुणालाच काही झालं नाही. पण बाहेर एक दुरुस्तीवाला बसलाय. आतला माल त्यानं चोरला असा आरोप आहे."

"त्यानं काय चोरलं? आत काय हुतंच न्हाई चोरायला!"

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की हा जबाब त्यांच्याही अंगावर येऊ शकतो. घरच्यांना विचारा, वाटल्यास वकील बघा.

"मंग काय करू, सायेब? त्यो बाबा माज्यापाई आत जाईल, आन म्या गप बसू? लिवा तुमी."

हवालदारांनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. जो माणूस कोळ्याचं जाळं सोडत नव्हता, त्यानं आज एक गोष्ट सोडली होती. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"सिमिट म्या घातल्याचं न्हाई आलं ह्यात."

"राहू द्या ना, ताई," हवालदार हळू आवाजात म्हणाले.

"का म्हणून? घातलं म्याच. लिवा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं, आणि बाईंनी एकेक अक्षर जोडत खाली सही केली.

मालकाचा टेम्पो पाचला येतो, हेही बाईंनीच सांगितलं. आम्ही साडेचारलाच शेडमध्ये जाऊन बसलो. पोत्यात सिमेंट, साचे, आणि एका बाजूला चकचकीत खोक्यांची थप्पी. झाकण लावलेल्या एकूणएक पेटीवर गुलाबी ठिपके. टेम्पो आला, मालक उतरला आणि आम्हाला पाहून क्षणभर थबकला. पण धंदेवाईक माणूस. एक पेटी उचलून त्यानं हवालदारांच्या हातात ठेवली.

"साहेब, काहीतरी गैरसमज होतोय. एक नंबर माल आहे. वजन तर बघा!"

"बघितलं," हवालदार म्हणाले. "सिमेंट कुठलं वापरता?"

गडी मटकन खोक्यावर बसला. पुढचा तपास रीतसर झाला. मुद्देमाल, लाखेची सीलं, साथीदारांची यादी. ती हकिकत सांगण्यात मजा नाही. बाई सरकारतर्फे साक्षीदार झाल्या आणि कोर्टात त्यांनी बचावाच्या वकिलालाही पेटी कशी बांधतात ते समजावून सांगितलं, इतकं सांगितलं तरी पुरे.

त्याच संध्याकाळी फिर्यादी गृहस्थ ठाण्यात आले. माणूस सरळ होता. सगळ्यांसमोर दुरुस्तीवाल्याला सॉरी म्हणाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "जाऊ द्या सायेब, तुमच्या जागी मी असतो तर मलाबी तसंच वाटलं असतं. हितनं पुडं मी पेटी हातावर तोलून देनार न्हाई. गिऱ्हाइकाच्या म्होरं लोड लावून देईन." मग मीही माझे 'नाटक पुरे' हे शब्द परत घेतले. खुर्चीतून उठून घेतले. बत्तीस वर्षांत असे शब्द परत घ्यायची वेळ अनेकदा यायला हवी होती. मी घेतले ते फक्त त्या दिवशी.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? आम्ही पोलीस माणसाचं तोंड वाचायला शिकतो. डोळे चुकवतो का, घाम येतो का, ओठ सुकतात का. त्या दुरुस्तीवाल्यानं वायरीची गाठ वाचली आणि त्याला तिथं एक सच्चा माणूस दिसला. तो माणूस माझ्या टेबलावर, माझ्या नाकासमोर होता, आणि मी तोंडं वाचत बसलो होतो. त्यानंतर माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगत आलो, की संशयिताला प्रश्न विचाराच, पण त्याच्या हातचं काम मिळालं तर तेही उलटून-पालटून बघा. काम खोटं बोलायला सहसा तयार नसतं.

त्या दिवसाचा शेवट मात्र अजून सांगितला नाही.

दुरुस्तीवाला बाहेर आला तेव्हा सहा वाजून गेले होते. जांभळीखालून त्याची बायको उठली. तेवढ्यात मागून बाई निघाल्या. भऱ्याला जाणारी बस निघून गेली होती. मी पायरीवर उभा होतो. बाई त्या दोघांना टाळून कडेनं निघून जातील असं मला वाटलं. मी असतो तर तसंच केलं असतं. पण त्या सरळ त्याच्या बायकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ती पेटी म्या बांदलेली," त्या म्हणाल्या. "माज्यामुळं तुमचा धनी दोन दिस हितं बसला."

बायकोनं त्यांच्याकडे तसंच बघितलं, जसं ती सकाळपासून ठाण्याच्या दाराकडे बघत होती. दुरुस्तीवाला काही बोलायला गेला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"व्हय," ती म्हणाली. "आन घरी चाललाय त्यो बी तुमच्यामुळंच. बसा मागं. भऱ्यातच जायचंय ना?"

"तिगं एका गाडीवर? आन ठान्याच्या दारात?" बाई गांगरल्या.

"मी मदी बसते. तुमी मला धरा."

दुरुस्तीवाल्यानं मोटारसायकल चालू केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वळलो आणि भिंतीवरचं, आत्तापर्यंत शंभर वेळा पाहिलेलं सूचनांचं पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. गाडीचा आवाज पार वळणापलीकडे जाईपर्यंत वाचत राहिलो.